वाणिज्याचा प्राध्यापक आणि निपाणीचा तंबाखू

शरद जोशी (1935-2015) हे नाव उच्चारताच कांदा, ऊस आणि रास्ता रोको आठवतो. परंतु त्यांची मूळ घडण वाणिज्य शाखेतील होती, याकडे सहसा लक्ष जात नाही. मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयातून एम.कॉम. झाल्यावर 1957-58 मध्ये त्यांनी कोल्हापूरला वाणिज्य महाविद्यालयात अध्यापन केले. तेथून निपाणी जेमतेम 40 किलोमीटर. पुढे टपाल सेवेतील दहा वर्षे आणि 1968 ते 1977 या काळात स्वित्झर्लंडमधील बर्न येथे जागतिक टपाल संघटनेतील नोकरी झाली. ती सोडून त्यांनी चाकणजवळ आंबेठाण येथे कोरडवाहू जमीन घेतली. शेतकरी नेकीने कष्टतो तरी कर्जात का राहतो, हा प्रश्न त्यांनी भाषणातून नव्हे, स्वतःच्या जमाखर्चातून सोडवायला घेतला. उत्पादनखर्च भरून निघेल असा भाव, ही त्यांची मागणी त्यातूनच आली.

या मागणीची खरी कसोटी सीमाभागात लागली. निपाणीच्या विडी तंबाखूचा भाव मूठभर व्यापारी ठरवीत. पिकवणारे हजारो, घेणारे थोडे. अशा बाजारात स्पर्धा होती ती फक्त विकणाऱ्यांत. मार्च 1981 मध्ये शेतकरी पुणे-बंगळूर महामार्गावर ठाण मांडून बसले. स्थानिक बाजू प्रा. सुभाष जोशी यांनी सांभाळली. तंबाखूच्या वखारींत राबणाऱ्या स्त्रियांची संघटना, चिकोडी तालुका कामगार महासंघ, त्यांच्याच पुढाकाराने उभी राहिली होती. शेतकऱ्याला भाव मिळाला तर वखारीतील बाईची मजुरी वाढेल की व्यापारी ती कापेल? हा प्रश्न अर्थशास्त्राच्या पुस्तकात सुटत नाही. तरीही निपाणीत दोन्ही लढ्यांचे नेतृत्व एकाच माणसाकडे होते, ही गोष्ट लहान नव्हे.

6 एप्रिल 1981 रोजी पोलिसांनी गोळीबार केला. 12 शेतकरी मृत्युमुखी पडले. तेव्हा कर्नाटकात आर. गुंडूराव यांचे सरकार होते. आंदोलन मराठी भाषकांचे असले तरी त्याची मागणी भाषेची नव्हती, भावाची होती. सीमाप्रश्नाच्या गदारोळात हे वेगळेपण अनेकदा हरवते.

पुढे 1990 च्या दशकात जोशींनी डंकेल प्रस्तावाचे समर्थन केले. सरकार शेतीला सबसिडी देत नाही, उलट भाव पाडून उणे सबसिडी लादते, असे त्यांचे म्हणणे होते. बंधने काढा, भारतीय शेतकरी जगाशी स्पर्धा करील. त्याच कर्नाटकातील प्रा. एम. डी. नंजुंडस्वामी यांनी नेमकी उलट भूमिका घेतली. दोघेही प्राध्यापकी केलेले, दोघेही शेतकऱ्यांचे नेते. जोशींचा युक्तिवाद तर्काने भक्कम होता. मात्र खुल्या बाजारात खरेदीदार मूठभरच राहिले तर काय, या निपाणीने विचारलेल्या प्रश्नाला त्यात पुरेशी जागा नव्हती.

2004 ते 2010 या काळात ते राज्यसभेचे सदस्य होते. 12 डिसेंबर 2015 रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले.