काशीवासाला आलेली माणसं

आमच्या ब्रह्मघाटाच्या गल्लीत म्हातारपणी मरायला आलेल्यांना कुणी बिचारं म्हणत नाही. मी लग्न होऊन इथे आले तेव्हा माडीवर कोकणातल्या एक आजी राहायच्या. तरुणपणी सावत्र मुलाला उपाशी ठेवल्याचं त्या भांडी घासता घासता सांगायच्या, आणि वर, ‘विश्वनाथ बघून घेईल!’

समजूत अशी की काशीत मरणाऱ्याच्या कानात स्वतः शंकर तारक मंत्र सांगतो. मग आयुष्य कसंही गेलेलं असो. पण इथे राहून पाप केलं, तर आधी कालभैरवाची यातना भोगायची, मोक्ष मागाहून. म्हणून आजी इथल्या भाजीवाल्याशीसुद्धा भांडत नसत.

मराठी वस्ती इथे वाढली ती अठराव्या शतकात. पुढे पेशवाई बुडाल्यावर दुसऱ्या बाजीरावाचे भाऊ चिमाजीअप्पाही इथे येऊन राहिले. रेल्वेआधी काशीला निघणारा माणूस घरच्यांचा कायमचा निरोप घेई. 1887 मध्ये गंगेवर पूल झाला, गाडी थेट शहरात आली आणि काशीवासाचं धाडस निम्म्यावर आलं. 1958 पासूनच्या मुक्तिभवनात, म्हणजे मरायला आलेल्यांच्या धर्मशाळेत, तर मरणाला साधारण पंधरा दिवसांचीच मुदत!

कबीर मात्र उतारवयात काशी सोडून मगहरला गेला, जिथे मेलं तर गाढवाचा जन्म येतो म्हणत. त्याला देवाच्या दयेसाठी पत्त्याची अट मान्य नव्हती. आजींना हे सांगितलं, तर म्हणाल्या, ‘त्याने कुणाला उपाशी ठेवलं नव्हतं गं.’