दुष्काळाच्या मुलखातील प्रार्थना

शिरूर तालुक्यातील इनामगाव हे नाव अभ्यासकांना ठाऊक आहे ते तेथील उत्खननामुळे. १९६८ ते १९८३ या काळात डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी घोड नदीकाठची ताम्रपाषाणयुगीन शेतकऱ्यांची वसाहत उजेडात आणली. इ.स.पू. १००० च्या सुमारास हवामान कोरडे होऊ लागले, शेती आक्रसली आणि पुढील काही शतकांत वसाहत ओस पडली. तेथील एका घराच्या जमिनीखाली मातीच्या डबीत शिर नसलेली कच्च्या मातीची स्त्रीमूर्ती सापडली. अवर्षणाच्या या मुलखात अदृष्टाला साद घालण्याची रीत किती जुनी आहे, हे त्या डबीवरून कळते. अशी साद घातल्याने संकटाकडे पाहण्याची दृष्टी बदलते काय, हा आमचा प्रश्न. त्याचा विचार करताना शेजारच्या दौंड तालुक्यातील केडगाव आणि तेथे ‘मुक्ती’ उभारणाऱ्या पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) आठवल्यावाचून राहत नाहीत.

दुष्काळ रमाबाईंनी स्वतः भोगला होता. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांचे कुटुंब तीर्थोतीर्थी पुराणे सांगत हिंडत असे. १८७० च्या दशकातील दुष्काळात गाठीचे द्रव्य दानधर्मात व अनुष्ठानांत संपले. वडील, आई आणि थोरली बहीण एकामागून एक गेली. आपल्या प्रार्थना व्यर्थ गेल्या, या जाणिवेने रमाबाईंची जुनी श्रद्धा ढासळली. पुढे १८८० मध्ये भाऊ श्रीनिवास आणि १८८२ मध्ये पती बिपिनबिहारी मेधावी यांचेही निधन झाले. १८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. परंतु त्यानंतरही कित्येक वर्षे मनाला स्वस्थता लाभली नव्हती, असे १९०७ साली लिहिलेल्या आपल्या साक्षीत त्या प्रांजळपणे सांगतात. ख्रिस्ती धर्म मिळाला, ख्रिस्त मिळायचा होता, असा त्यांच्या सांगण्याचा मथितार्थ.

तो मिळाला तेव्हा प्रार्थनेचे स्वरूपच पालटले. पूर्वीच्या अनुष्ठानामागे ‘हे संकट टळो’ हा हेतू होता. आता ‘या संकटात माझ्याकडून काय अपेक्षित आहे?’ हा प्रश्न पुढे आला. १८९६ साली मध्य प्रांतात दुष्काळ पडल्याचे कळताच रमाबाई तिकडे गेल्या आणि सुमारे तीनशे मुली व स्त्रियांना घेऊन परतल्या. पुण्यात प्लेगचा कहर असल्याने या मुलींना शहरात ठेवता येईना. तेव्हा केडगावच्या शेतजमिनीवर तात्पुरत्या छपरांखाली त्यांची सोय झाली. १९०० च्या दुष्काळानंतर आश्रितांची संख्या दोन हजारांच्या घरात गेली. विहिरी, शेती, विणकाम, छापखाना, अंधांसाठी शिक्षण हा सारा व्याप प्रार्थनेच्या जोडीनेच वाढला. प्रार्थनेने त्यांना मुकेही केले नाही. १८९७ साली पुण्यातील प्लेगच्या इस्पितळांतील स्त्रियांच्या हालांविषयी त्यांनी वृत्तपत्रातून सरकारवर उघड टीका केली.

याची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. १८८९ मध्ये मुंबईत स्थापलेले शारदा सदन पुढे पुण्यात आले. रमाबाई आपल्या खोलीत दार उघडे ठेवून प्रार्थना करीत, मुली येऊन बसत. याच उघड्या दारावरून १८९३ साली वादळ उठले. ‘केसरी’ने टीकेची झोड उठवली, रानडे-भांडारकरांसारखे हितचिंतक सल्लागार मंडळातून बाहेर पडले, अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. उपाशी, निराधार मुलीने अन्नदात्याच्या देवापुढे हात जोडले तर ती तिची निवड किती आणि परिस्थितीची किती, हा प्रश्न त्या काळी विचारला गेला व आजही तो गैरलागू नाही. मात्र तो विचारणाऱ्यांपैकी किती जण त्या मुलींना आणायला दुष्काळी गावांत गेले, हेही त्याच श्वासात विचारावे लागते.

प्रार्थनेचा प्रश्न रमाबाईंसाठी भाषेचाही होता. पुराणश्रवणात अर्थ कळला नाही तरी पुण्य लाभते, या समजुतीत त्या वाढल्या होत्या. कलकत्त्याच्या पंडितांनी १८७८ साली जिला ‘सरस्वती’ म्हणून गौरविले, त्या विदुषीने उत्तरायुष्यातील अनेक वर्षे हिब्रू व ग्रीक बायबल साध्या मराठीत आणण्यात घालवली. अल्पशिक्षित बाईलाही स्वतः वाचता यावे, कोणी अर्थ सांगण्याची वाट पाहावी लागू नये, हा हेतू. जुळाऱ्याचे कामही केडगावच्या स्त्रियांनीच केले.

जुलै १९२१ मध्ये एकुलती एक कन्या मनोरमा गेली. जिच्यावर संस्थेची भिस्त ठेवायची तीच गेल्यावर, स्वतःची प्रकृती खालावलेली असताना, रमाबाई त्या भाषांतराचे काम करीतच राहिल्या. ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांचे निधन झाले. पन्नास वर्षांपूर्वीच्या दुष्काळात आपले ऐकले गेले नाही म्हणून ज्या मुलीची श्रद्धा मोडली, तिच्यावर याहून मोठा आघात झाला तेव्हा ती मोडली नाही. दुःख कमी झाले होते असे नव्हे. प्रार्थनेकडून असलेली तिची अपेक्षा बदलली होती. ही श्रद्धा सर्वांना पटेल असे नाही. पण संकटात आपण काय मागतो यावर आपल्याला काय दिसते हे पुष्कळसे ठरते, एवढे केडगावच्या इतिहासावरून श्रद्धा नसलेल्यानेही मान्य करावे, असे आम्हांस वाटते.