प्रमाणशीर प्रतिनिधित्व आणि लहान पक्षांचे वजन

धार जिल्ह्यातील पीथमपूर आज कारखान्यांचे गाव म्हणून सर्वश्रुत आहे. त्याच्या शेजारी, इंदूर जिल्ह्यात, महूची लष्करी छावणी आहे. या छावणीत 14 एप्रिल 1891 रोजी डॉ. भीमराव आंबेडकरांचा जन्म झाला. अल्पसंख्य मताला विधिमंडळात जागा कशी मिळावी आणि ती मिळाल्यावर राज्यकारभाराचे स्थैर्य कसे टिकावे, या दोन प्रश्नांचा एकत्र विचार ज्या मोजक्या भारतीयांनी केला त्यांत त्यांचे स्थान अग्रभागी आहे. माळव्यातील मराठी वाचकाला तर हा प्रश्न मुळीच परका नाही. पवारांच्या धार व देवास संस्थानांच्या आश्रयाने येथे आलेली मराठी कुटुंबे आज गावोगाव विखुरलेली आहेत. विखुरलेल्या समाजाचे बहुमत कोणत्याही एका मतदारसंघात होत नाही. म्हणून मते कशी मोजावीत हा त्याच्या दृष्टीने केवळ तांत्रिक प्रश्न राहत नाही.

आपल्याकडे लोकसभा व विधानसभा यांच्या निवडणुकीत ज्याला सर्वांत अधिक मते पडतात तो निवडून येतो. बाकीच्यांची मते हिशेबातून गळतात. 2008 साली धार विधानसभा मतदारसंघात मोजणीअंती पहिल्या दोन उमेदवारांमध्ये अवघ्या एका मताचे अंतर राहिले होते. एका मताने सारे मिळते व एका मताने सारे जाते, हा या पद्धतीचा स्वभाव आहे. प्रमाणशीर प्रतिनिधित्वाचा हेतू याच्या उलट आहे. ज्या पक्षाला शंभरातील दहा मते, त्याला शंभरातील दहा जागा, हे त्याचे मूळ सूत्र होय. मात्र असे झाले की एका पक्षाला निर्विवाद बहुमत मिळणे दुर्घट होते, मंत्रिमंडळे संमिश्र होतात आणि चार-दोन जागांचा पक्ष तराजूचा काटा होऊन बसतो, असा आक्षेप या पद्धतीवर पूर्वापार घेतला गेला आहे.

या वादाची दोन्ही अंगे आंबेडकरांच्या चरित्रात आढळतात. 1937 साली मुंबई इलाख्याच्या निवडणुकीत बहुसदस्य मतदारसंघांत एकत्रित मतदानाची सोय होती. जितक्या जागा तितकी मते मतदाराजवळ असत, आणि ती सर्व एकाच उमेदवाराच्या पारड्यात टाकण्याची त्याला मुभा होती. संख्येने थोडा पण निश्चयाने एक झालेला समाज या सोयीने आपला माणूस निवडून आणू शकत असे. आंबेडकरांच्या स्वतंत्र मजूर पक्षाने उभे केलेले बहुतेक उमेदवार त्या वेळी निवडून आले. तो पक्ष सत्तेत गेला नाही. परंतु खोतीची पद्धत नष्ट करण्याचे विधेयक त्याच वर्षी आंबेडकरांनी विधिमंडळात मांडले. लहान पक्षाचे काम मंत्रिपदाखेरीजही होऊ शकते, याचे हे उदाहरण आम्हांस महत्त्वाचे वाटते.

पुढे 1946 साली घटना समितीचे सदस्य प्रांतिक विधानसभांतून संक्रमणीय एकमताच्या प्रमाणशीर पद्धतीने निवडले गेले. आंबेडकर त्या वेळी बंगालमधून समितीत आले. साध्या बहुमताची पद्धत असती तर त्यांचा प्रवेश किती अवघड झाला असता, हे सांगावयास नको. असे असूनही 4 जानेवारी 1949 रोजी काझी सय्यद करिमुद्दीन यांनी लोकसभेसाठी प्रमाणशीर प्रतिनिधित्वाची सूचना घटना समितीत मांडली, तेव्हा आंबेडकरांनी तिला विरोध केला. त्यांची कारणे मुख्यतः दोन होती. पसंतीचे आकडे वाचता येण्याइतकी साक्षरता देशात नव्हती. आणि विधिमंडळाचे तुकडे पडून सरकार अस्थिर होईल, अशी त्यांना धास्ती होती. नवजात राज्याला त्या वेळी स्थिर शासनाची गरज अधिक होती, हे ध्यानात घेता हा निर्णय अविचाराचा म्हणता येत नाही.

तथापि, पद्धत संपूर्णपणे टाकून दिली गेली नाही. राज्यसभेच्या निवडणुकीत ती कायम राहिली. 1952 साली आंबेडकर उत्तर मुंबईतून लोकसभेच्या निवडणुकीत पराभूत झाले, आणि त्याच वर्षी मुंबई विधानसभेतून प्रमाणशीर पद्धतीने राज्यसभेवर गेले. जे दार त्यांनी लोकसभेला नाकारले होते, त्याच दाराने ते संसदेत आले. यात आम्हांस विसंगती दिसत नाही. राज्यसभेवर मंत्रिमंडळाचे आयुष्य अवलंबून नसते, म्हणून तेथे अल्पमताला जागा देण्यात धोका नव्हता.

आता धास्ती कितपत खरी ठरली ते पाहू. युरोपात तिला आधार होता. पहिल्या महायुद्धानंतरच्या जर्मन प्रजासत्ताकात निर्बंधरहित प्रमाणशीर प्रतिनिधित्व होते, आणि चौदा वर्षांत सुमारे वीस मंत्रिमंडळे आली व गेली. परंतु दुसऱ्या महायुद्धानंतर पश्चिम जर्मनीने ती पद्धत टाकली नाही. तिला बांध घातला. सामान्यतः पाच टक्के मते न मिळवणाऱ्या पक्षास जागा नाही, आणि नव्या प्रधानाची निवड केल्याखेरीज जुन्यास पदच्युत करता येत नाही, असे दोन नियम तेथे आले. 1969 साली केवळ 5.8 टक्के मते मिळवणाऱ्या फ्री डेमोक्रॅट पक्षाने विली ब्रांट यांना सत्तेवर आणले, आणि 1982 साली याच पक्षाने बाजू बदलून हेल्मुट कोल यांना प्रधान केले. लहान पक्षाचे वजन येथे प्रमाणाबाहेर होते खरे. पण राज्य कोसळले नाही.

आणि आपल्या मध्य प्रदेशात? येथे प्रमाणशीर पद्धत नव्हती. 1967 साली काँग्रेसला स्पष्ट बहुमत मिळाले होते. तरीही पक्षांतरामुळे द्वारकाप्रसाद मिश्र यांचे मंत्रिमंडळ जुलैत पडले आणि गोविंद नारायण सिंह यांचे संयुक्त विधायक दलाचे सरकार आले. तेही 1969 च्या मार्चमध्ये संपले. पुढे 2018 साली 230 जागांपैकी काँग्रेसला 114, भारतीय जनता पक्षाला 109 जागा मिळाल्या. बहुमतास 116 हव्या होत्या. दोन जागांचा बहुजन समाज पक्ष, एका जागेचा समाजवादी पक्ष आणि चार अपक्ष यांच्या हाती काटा आला. बहुजन समाज पक्षाची मते सुमारे पाच टक्के होती. प्रमाणशीर हिशेबाने त्याच्या जागा अकराच्या आसपास झाल्या असत्या. म्हणजे लहान पक्षाचे वजन आपल्या पद्धतीने नाहीसे केले नाही. ते त्याच्या मतांपासून तोडून योगायोगाच्या हवाली केले. आणि हे सरकार पडले ते लहान पक्षांमुळे नव्हे. मार्च 2020 मध्ये काँग्रेसच्याच 22 आमदारांनी राजीनामे दिले. धार जिल्ह्यातील बदनावर व देवास जिल्ह्यातील हाटपीपल्या येथील आमदार त्यांत होते.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. अस्थैर्याचा दोष लहान पक्षांच्या माथी मारून आपण मोकळे होऊ शकत नाही. मोठ्या पक्षाच्या पोटातील फूट ही लहान पक्षाच्या हट्टाइतकीच, किंबहुना अधिक, सरकारास घातक ठरली आहे. फरक इतकाच की लहान पक्ष आपली अट उघडपणे मांडतो आणि मतदार पुढील निवडणुकीत त्याचा जाब विचारू शकतो; पक्षातील फुटीचा सौदा मात्र मतदाराच्या पाठीमागे होतो.

1949 सालचा निर्णय ज्या कारणांवर उभा होता, त्यांपैकी साक्षरतेचे कारण आज बरेच दुबळे झाले आहे. स्थैर्याचे कारण उरते. परंतु त्याचे उत्तर जर्मनीप्रमाणे बांध घालून देता येते. कोणती पद्धत स्वीकारावी हा निर्णय संसदेचा आहे. अध्यापकांचे काम वेगळे आहे. आपल्या विद्यार्थ्यांना त्यांनी हे शिकवावे की बहुमत म्हणजे संपूर्ण जनमत नव्हे, आणि विखुरलेल्या अल्पमताला मोजण्याची रीत शोधणे हे लोकशाहीचे अपूर्ण राहिलेले काम आहे. महूत जन्मलेल्या त्या घटनाकाराने स्वतःच्या आयुष्यात दोन्ही बाजू अनुभवल्या होत्या. त्या दोन्ही त्याच्यासारख्याच प्रामाणिकपणे तोलून पाहणे हे आता आपले कर्तव्य आहे.