धावसंख्येचे प्रामाण्य : कल्याणातील एक उदाहरण

शालेय क्रिकेटमधील आकडे हे खेळाडूच्या भावी योग्यतेचे प्रमाण मानावे काय, या प्रश्नाच्या विचारास कल्याणातील एक घटना उपयुक्त ठरते. जानेवारी २०१६ मध्ये भंडारी चषकाच्या सामन्यात के. सी. गांधी शाळेच्या पंधरा वर्षांच्या प्रणव धनावडे याने ३२७ चेंडूंत नाबाद १००९ धावा केल्या. १८९९ साली इंग्लंडमधील ए. ई. जे. कॉलिन्स या विद्यार्थ्याने केलेला नाबाद ६२८ धावांचा उच्चांक त्यामुळे मागे पडला.

धावा निःसंशय खऱ्या. त्यांचा अर्थ मात्र धावफलकाच्या दुसऱ्या बाजूस पाहावा लागतो. ३ बाद १४६५ या धावसंख्येपुढे आर्य गुरुकुल शाळेचे दोन डाव ३१ व ५२ धावांत आटोपले. फलंदाजाची चिकाटी येथे सिद्ध होते. कसदार गोलंदाजीपुढील कौशल्य सिद्ध होत नाही.

फेब्रुवारी १९८८ मध्ये तेंडुलकर व कांबळी यांनी हॅरिस ढाल स्पर्धेत ६६४ धावांची भागी केली. तिच्यातून तेंडुलकरविषयी काढलेल्या अनुमानास आधार मिळाला तो त्याच वर्षी डिसेंबरात, रणजी पदार्पणातील शतकाने. कॉलिन्स मात्र प्रथम श्रेणीचा एकही सामना न खेळता १९१४ साली महायुद्धात कामी आला.

धनावडेस मुंबई क्रिकेट संघटनेने मासिक १०,००० रुपयांची शिष्यवृत्ती दिली. २०१७ मध्ये त्याच्या कुटुंबानेच ती थांबविण्याची विनंती केली. आकड्याने जे सांगितलेच नव्हते, ते खरे करून दाखविण्याचा भार अशा रीतीने एका मुलावर पडला.