घारापुरी शिल्पांतील भावदर्शन

रायगड जिल्ह्यातील उरण तालुक्याच्या घारापुरी बेटावरील शैव लेण्यांत चेहरा, दृष्टी व अंगविन्यास यांतून साधलेली भावाभिव्यक्ती. मुख्य लेणे सामान्यतः इ. स. सहाव्या शतकाच्या मध्याचे मानतात. तेथील शिलालेख पोर्तुगीज काळात हलवला गेला व पुढे गहाळ झाला. त्यामुळे शैली आणि बेटावर सापडलेली कलचुरी राजा कृष्णराजाची नाणी यांवरून हे लेणे कलचुरी काळातील ठरवले जाते. भावांच्या वर्गीकरणाचा शास्त्रीय आधार भरताच्या नाट्यशास्त्रात असून (पहा : रससिद्धांत) विष्णुधर्मोत्तर पुराणातील चित्रसूत्र चित्रांतही नऊ रस सांगते.

सुमारे साडेपाच मीटर उंचीची सदाशिवमूर्ती येथील प्रमुख शिल्प होय. ‘त्रिमूर्ती’ हे रूढ नाव चुकीचे आहे, कारण तिन्ही मुखे शिवाचीच. मधले तत्पुरुष मुख अर्धोन्मीलित डोळ्यांचे व शांत. प्रेक्षकाच्या डावीकडील अघोर मुख मिशा, वक्र भुवई व सर्प यांमुळे रौद्र. उजवीकडील वामदेव मुख कमळ धारण केलेले व कोमल. एकाच पाषाणात तीन विरोधी भाव असूनही मधल्या मुखाची स्थिरता ढळत नाही. कल्याणसुंदर (शिव-पार्वती विवाह) शिल्पात पार्वतीची झुकलेली मान लज्जा दर्शवते. अंधकासुरवधात शिवाचे सुळे व विस्फारलेले डोळे क्रोध व्यक्त करतात. या शिल्पाचा खालचा भाग भग्न आहे.

यूरोपीय स्वच्छंदतावादात भावना कलावंताची व्यक्तिगत असते (पहा : स्वच्छंदतावाद), तर घारापुरीत ती मूर्तिविषयाची असून शिल्पी अनामिक आहे. या लेण्यांचा समावेश १९८७ मध्ये जागतिक वारसा यादीत झाला.

(पहा : घारापुरी, मूर्तिविज्ञान, वेरूळ).