हाकेला ओ, हाती शस्त्र

समुद्रातून आलेली मदतीची हाक कोणत्याही जहाजाला नाकारता येत नाही. टायटॅनिकच्या दुर्घटनेनंतर १९१४ साली सागरी जीवितरक्षणाचा पहिला आंतरराष्ट्रीय करार झाला. पुढे १९७९ च्या हॅम्बुर्ग करारात शोध आणि बचावाची व्यवस्था ठरली, तर १९८२ च्या संयुक्त राष्ट्रांच्या सागरी कायदा कराराने ९८ व्या अनुच्छेदात हे कर्तव्य पुन्हा नोंदवले. हाक संशयास्पद वाटली म्हणून तटरक्षक दलाला तिकडे पाठ फिरवता येत नाही. जायचे हे ठरलेलेच असते. प्रश्न एवढाच, की कोणत्या तयारीने जायचे. भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर या प्रश्नाचे उत्तर एका बैठकीत ठरलेले नाही. ते एकेका प्रसंगातून घडत गेले आहे.

संकटात असल्याचे सोंग करून शत्रूला जवळ ओढण्याची युक्ती जुनी आहे. पहिल्या महायुद्धात जर्मन पाणबुड्यांविरुद्ध ब्रिटिश नौदलाने साध्या मालवाहू जहाजांत तोफा दडवल्या. ही जहाजे ‘क्यू-शिप’ या नावाने ओळखली जात. पाणबुडी दिसली की काही खलाशी घाबरल्याचे नाटक करत होड्यांत उतरत. जहाज सोडून दिले आहे असे समजून पाणबुडी जवळ आली, की बाजूच्या फळ्या खाली पडत आणि तोफा सुरू होत. तेव्हा या डावपेचाचे कौतुक झाले, पण त्याची किंमत मोठी होती. होडीत उतरलेला माणूस खरोखर संकटात आहे की सोंग करतो आहे, ही शंका त्यानंतर समुद्रावर कायमची राहिली. १९९४ च्या सॅन रेमो नियमावलीने संकटाचा संदेश पाठवून किंवा जीवरक्षक तराफ्यात उतरल्याचे सोंग करून हल्ला करणे हा विश्वासघात ठरवला.

भारतीय तटरक्षक दलाचा जन्म मात्र युद्धातून नव्हे, तस्करीच्या प्रश्नातून झाला. साठ-सत्तरच्या दशकांत आखातातून निघालेल्या गलबतांतून सोने, घड्याळे आणि कापड दमण ते कोकण या पट्ट्यात उतरत असे. सीमाशुल्क खात्याच्या तुटपुंज्या नौका या गलबतांना पुऱ्या पडत नव्हत्या. १९७४ मध्ये मुंबई हायला तेल सापडले आणि समुद्रातील मालमत्ता राखण्याची निकडही वाढली. त्याच वर्षी के. एफ. रुस्तमजी यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. नागपूरजवळच्या कामठीत जन्मलेले रुस्तमजी सीमा सुरक्षा दलाचे पहिले प्रमुख होते. त्यांच्या समितीने समुद्रासाठी वेगळे दल उभारण्याची शिफारस केली. १ फेब्रुवारी १९७७ रोजी अंतरिम तटरक्षक दल सुरू झाले, तेव्हा त्याच्याकडे नौदलाने दिलेल्या ‘कृपाण’ आणि ‘कुठार’ या दोन जुन्या फ्रिगेट आणि पाच लहान गस्ती नौका होत्या. त्यांपैकी एकीचे नाव ‘पनवेल’ होते.

१९७८ च्या तटरक्षक दल कायद्याच्या १४ व्या कलमात दलाची कामे दिली आहेत. संकटात सापडलेल्या मच्छीमारांना मदत करणे आणि तस्करी रोखण्यात सीमाशुल्क खात्याला साथ देणे ही दोन्ही कामे एकाच कलमात शेजारी शेजारी आहेत. काही देशांत बचावनौका आणि पोलीसनौका वेगळ्या असतात. इथे तोफ, दोरखंड आणि जीवरक्षक कडे एकाच डेकवर आले. संशयास्पद हाकेला कसा प्रतिसाद द्यायचा, याचा पाया या रचनेतच आहे.

या रचनेची मोठी कसोटी १९९९ मध्ये लागली. जपानी मालकीचे ‘अलोंद्रा रेनबो’ हे जहाज सुमारे ७,००० टन ॲल्युमिनियम घेऊन २२ ऑक्टोबरला इंडोनेशियातून निघाले आणि काही तासांतच चाच्यांच्या हाती पडले. त्यावरील १७ जणांना पुढे तराफ्यावर सोडून देण्यात आले. अनेक दिवस समुद्रात काढल्यावर थायलंडच्या एका मासेमारी नौकेने त्यांना वाचवले. जहाजाला नवा रंग लागला, ‘मेगा रामा’ असे नवे नाव मिळाले आणि बेलीझचा झेंडा चढला. आंतरराष्ट्रीय सागरी ब्युरोच्या क्वालालंपूर केंद्राने सर्व जहाजांना सावध केले होते. वर्णनाशी जुळणारे जहाज अरबी समुद्रात दिसल्याची खबर एका तेलवाहू जहाजाच्या कप्तानाने दिली.

कोल्हापूरच्या महाराणींचे नाव धारण करणारी तटरक्षक दलाची ‘ताराबाई’ १४ नोव्हेंबरला या जहाजाच्या मागावर लागली. रेडिओवरून थांबण्याचे आदेश दिले तरी जहाज थांबेना. पुढ्यातल्या पाण्यात इशाऱ्याचे गोळे टाकले, तरी ते पश्चिमेकडे पळत राहिले. नौदलाची ‘प्रहार’ मदतीला आल्यावर १६ नोव्हेंबरला पाठलाग संपला. पुरावा नष्ट करण्यासाठी चाच्यांनी जहाजाला आग लावली होती आणि ते बुडावे म्हणून आत पाणी सोडले होते. त्यामुळे सशस्त्र तुकडी जहाजावर चढली तेव्हा तिच्यापुढे एकाच वेळी दोन कामे होती. १५ इंडोनेशियन चाच्यांना ताब्यात घ्यायचे होते आणि त्यांच्याच पायाखाली बुडणारे जहाज वाचवायचेही होते. पाण्याखाली उतरलेल्या जवानांनी आत येणारे पाणी रोखले, आग विझवली गेली आणि जहाज ओढत मुंबईला आणले गेले. त्याच वर्षी जुलैमध्ये हॅम्बुर्गच्या सागरी न्यायाधिकरणाने ‘सायगा’ या जहाजाच्या खटल्याचा निकाल दिला होता. शक्यतो बळ वापरू नये, आधी आवाजाचे आणि दृश्य इशारे द्यावेत, मग पुढ्यात गोळी टाकावी आणि तेही निष्फळ ठरल्यावरच अखेरचा उपाय करावा, असे त्या निकालाने सांगितले. ‘ताराबाई’चा पाठलागही याच क्रमाने झाला होता.

२००८ च्या नोव्हेंबरमध्ये मदतीच्या हाकेचा सर्वांत क्रूर दुरुपयोग झाला. मुंबईवरील हल्ल्यासाठी कराचीहून निघालेल्या दहशतवाद्यांनी पोरबंदरच्या ‘कुबेर’ या ट्रॉलरला जवळ बोलावले ते मदत मागूनच. त्यांच्यातील अजमल कसाबच्या कबुलीजबाबानुसार, त्यांनी इंजिनाचा तुटलेला पट्टा दाखवला होता. भर समुद्रात पट्टा तुटलेल्या नौकेकडे कोणताही तांडेल जाईल. आज आपण गेलो नाही, तर उद्या आपल्याकडे कोण येणार, हा किनाऱ्यावरचा व्यवहार आहे. कुबेरच्या माणसांनी जे केले त्यात काहीच चूक नव्हते, हे ठामपणे सांगितले पाहिजे. तांडेलाला मुंबईपर्यंत नौका हाकायला लावून ठार करण्यात आले. नंतर तटरक्षक दलाला मुंबईजवळ भरकटलेली ‘कुबेर’ सापडली. तिच्यावर त्याचा मृतदेह होता.

या हल्ल्यानंतर फेब्रुवारी २००९ मध्ये किनारी पोलिसांच्या गस्तीच्या पाण्यासह संपूर्ण प्रादेशिक समुद्राच्या सुरक्षेची जबाबदारी तटरक्षक दलाकडे आली. मच्छीमारांना ओळखपत्रे मिळाली, नौकांना राज्यानुसार रंग ठरले आणि ‘सागर कवच’ हे सराव नियमित होऊ लागले.

२००८ च्या त्याच नोव्हेंबरमध्ये एडनच्या आखातात उलट बाजूचा धोकाही दिसला. नौदलाच्या ‘तबर’ने चाच्यांची मातृनौका समजून एक ट्रॉलर बुडवला. तो अपहरण झालेला थाई ट्रॉलर होता आणि त्यावर ओलीस खलाशी होते, हे मागाहून कळले. त्यांतले बहुतेक परत आले नाहीत. दोन वर्षांनी सोमाली चाचे लक्षद्वीपपर्यंत पोहोचले, तेव्हा ही आठवण ताजी होती. २८ जानेवारी २०११ रोजी ‘सीएमए सीजीएम व्हर्दी’ या कंटेनर जहाजाने मदत मागितली. तटरक्षक दलाचे डॉर्नियर विमान डोक्यावर आल्यावर चाच्यांनी माघार घेतली. त्यांची मातृनौका ‘प्रांतालय-१४’ हाही अपहृत थाई ट्रॉलरच होता. नौदलाच्या ‘कांकर्सो’ने तिला अडवले तेव्हा चाच्यांनी गोळीबार केला. उत्तरादाखल मर्यादित मारा झाला, ट्रॉलरवरील इंधनाने पेट घेतला आणि तो बुडाला. या वेळी मात्र पाण्यातून १५ चाच्यांसह २० मच्छीमारांनाही जिवंत बाहेर काढण्यात आले. आठवड्याभरात ‘प्रांतालय-११’ची पाळी आली. त्या कारवाईत तटरक्षक दलाची ‘समर’ नौदलाच्या ‘तीर’सोबत होती. २८ चाचे पकडले गेले आणि २४ खलाशी सुटले.

या अनुभवांतून आलेली कार्यपद्धती शांत आणि सावध आहे. हाक आली की सागरी बचाव समन्वय केंद्र प्रथम तिची पारख करते. ४०६ मेगाहर्ट्झच्या संकटसूचक बीकनचा संदेश उपग्रहामार्फत आला असेल, तर त्यातल्या सांकेतिक क्रमांकावरून जहाज आणि मालक कळतो. मालकाला फोन जातो, जहाजाचे स्थान सांगणारी एआयएस नोंद पाहिली जाते आणि आसपासच्या जहाजांना विचारणा होते. रेडिओच्या चॅनल १६ वर बोलणाऱ्याला नाव, बंदर, माणसांची संख्या आणि बिघाड विचारला जातो. खरा खलाशी गोंधळला तरी आपली नौका ओळखतो. शक्य असेल तेव्हा जहाजाआधी विमान पोहोचते. डेकवर जाळी, बर्फाच्या पेट्या आणि मासळी आहे की शिड्या आणि जादा इंधनाची पिंपे आहेत, हे वरून दिसते.

जहाज पोहोचल्यावर ते लगेच बाजूला लागत नाही. अंतर राखून ध्वनिवर्धकावरून सर्वांना उघड्या डेकवर येण्यास आणि हात दिसतील असे उभे राहण्यास सांगितले जाते. मग रबरी ‘जेमिनी’ होडी पाण्यात उतरते. त्यात बसलेल्या बोर्डिंग पार्टीकडे शस्त्रे असतात, तसेच जीवरक्षक जॅकेट आणि प्रथमोपचाराची पेटीही असते. मागे मोठ्या जहाजावरची तोफ सज्ज असते, पण तिचे तोंड विनाकारण माणसांकडे वळवलेले नसते. नौका निर्दोष निघाली, तर हीच तुकडी इंजिन दुरुस्त करते, आजारी माणसाला हलवते किंवा नौका ओढून बंदरात आणते. बहुतेक वेळा तेच घडते.

पकडल्यानंतरचा मार्ग मात्र बराच काळ कच्चा राहिला. आरोपींना मुंबईच्या यलो गेट पोलिसांच्या हवाली केले जाई, पण भारतीय दंड संहितेत चाचेगिरी हा स्वतंत्र गुन्हाच नव्हता. ‘अलोंद्रा रेनबो’च्या आरोपींना २००३ मध्ये मुंबईच्या सत्र न्यायालयाने शिक्षा दिली आणि २००५ मध्ये उच्च न्यायालयाने त्यांना निर्दोष सोडले. ही उणीव भरायला संसदेला डिसेंबर २०२२ पर्यंत वेळ लागला. त्या वर्षीच्या सागरी चाचेगिरीविरोधी कायद्याने चाचेगिरीची व्याख्या आणि शिक्षा ठरवली. मार्च २०२४ मध्ये ‘रुएन’ या जहाजावरून नौदलाने पकडलेले ३५ सोमाली चाचे मुंबईत उतरवले गेले, तेव्हा त्यांच्यावर याच कायद्याखाली कारवाई सुरू झाली.