बाई बदलल्या, गर्दी का ओसरली?

आज आपण जरा लांबची गोष्ट घेऊ या. अमेरिकेतल्या टेनेसी राज्यात नॉक्सव्हिल नावाचं शहर आहे. तिथल्या विद्यापीठातल्या मुलींच्या बास्केटबॉल संघाचा हा इतिहास आहे. खेळ आपल्या फारसा ओळखीचा नाही, पण ऐकता ऐकता तुम्हाला तुमचा बचत गट किंवा गावातलं महिला मंडळ आठवलं, तर आम्हाला नवल वाटणार नाही. कारण प्रश्न आपल्याही दारातला आहे. जिनं सगळं उभं केलं, ती बाई बाजूला झाली की मागे काय राहतं?

आधी एक गोष्ट समजून घेऊ. अमेरिकेत कॉलेजच्या संघांचे सामने लोक तिकीट काढून बघतात. आपल्याकडे जत्रेतल्या कुस्तीला जशी पंचक्रोशी लोटते, तसं तिकडे कॉलेजच्या सामन्याला शहर लोटतं. मात्र कितीतरी वर्षं ही गर्दी फक्त मुलांच्या खेळाला होती. १९७२ साली तिथे कायदा झाला, की सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थेत कुणालाही बाई किंवा पुरुष म्हणून डावलायचं नाही. त्यानंतर मुलींच्या खेळाचं दार हळूहळू उघडायला लागलं.

दोनच वर्षांनी, १९७४ मध्ये, टेनेसी विद्यापीठानं मुलींचा संघ एका २२ वर्षांच्या मुलीच्या हाती दिला. तिचं नाव पॅट समिट. आपण त्यांना पॅटबाई म्हणू. पॅटबाई शेतकऱ्याच्या घरच्या. गाईंचं दूध काढायचं, गवत बांधायचं, तंबाखूच्या शेतात राबायचं, हे लहानपणापासूनचं काम. निपाणीकडच्या मैत्रिणींना तंबाखूचं काम काय असतं ते आम्ही सांगायला नको. मोठ्या भावांबरोबर त्या गोठ्याच्या माळ्यावर, गवताच्या गंजीशेजारी बास्केटबॉल खेळायच्या. त्यांच्या भागातल्या शाळेत मुलींचा संघच नव्हता, तेव्हा लेकीला खेळता यावं म्हणून घरच्यांनी शेजारच्या जिल्ह्यात बिऱ्हाड हलवलं. पन्नास-साठ वर्षांपूर्वी मुलीच्या खेळापायी बिऱ्हाड हलवणारा बाप! ही गोष्ट साधी नाही.

सुरुवातीला त्यांना महिन्याला २५० डॉलर मिळायचे. संघाची गाडी त्या स्वतः चालवायच्या, मुलींचे खेळाचे कपडे स्वतः धुवायच्या. ते कपडेसुद्धा आदल्या वर्षी डोनट नावाचे गोड वडे विकून आलेल्या पैशातून घेतलेले. एकदा तर परगावी सामना होता, तेव्हा अख्खा संघ समोरच्या संघाच्या व्यायामशाळेत जमिनीवर झोपला.

त्या काळी टेनेसीतल्या शाळांमध्ये मुलींना अर्धंच मैदान असायचं. एका बाजूला सहा मुली. तिघींनी फक्त बचाव करायचा, तिघींनी फक्त चेंडू टाकायचा, आणि मधली रेघ कुणी ओलांडायची नाही. मुलींना सगळं मैदान झेपणार नाही, असा समज. पॅटबाईंनी याविरुद्ध आवाज उठवला, आणि १९७९-८० च्या हंगामापासून तिथल्या शाळकरी मुलींना पूर्ण मैदान मिळालं.

अशा तयारीतून संघ वाढत गेला. १९८७ साली विद्यापीठाचं नवं भव्य क्रीडागृह उघडलं. त्याच डिसेंबरात टेक्सासच्या संघाशी सामना झाला, तेव्हा २४,५६३ माणसं बघायला आली. मुलींच्या बास्केटबॉलला एवढी गर्दी देशात त्याआधी झाली नव्हती. गंमत म्हणजे तो सामना टेनेसी हरली. तरी लोक येत राहिले. १९८७ ते २००८ या काळात संघानं आठ वेळा राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं. १९९७-९८ च्या हंगामात ३९ सामने खेळले आणि ३९ जिंकले. त्याच्या पुढच्या हंगामात घरच्या प्रत्येक सामन्याला सरासरी १६ हजारांवर माणूस होतं.

पण आम्हाला वाटतं, गर्दी फक्त करंडक बघायला येत नव्हती. पॅटबाई उन्हाळ्यात लहान मुलींची शिबिरं घ्यायच्या. त्या मुली घरी जाऊन आईबापांना सामन्याला घेऊन यायच्या. शिवाय पॅटबाईंचा एक नियम होता, वर्गात मुलींनी पुढच्या तीन रांगांतच बसायचं. खेळाची सगळी वर्षं त्यांच्या हाताखाली पूर्ण करणारी प्रत्येक मुलगी पदवी घेऊनच बाहेर पडली. लोकांना हे दिसत होतं. म्हणून हा संघ त्यांना आपल्या घरातला वाटायचा.

मग २०११ चा ऑगस्ट आला. पॅटबाई ५९ वर्षांच्या होत्या. त्यांनी स्वतःच जाहीर केलं, की आपल्याला स्मृती जाण्याचा आजार, म्हणजे अल्झायमर झाला आहे. तरी एक हंगाम त्या संघाबरोबर राहिल्या. एप्रिल २०१२ मध्ये त्यांनी पद सोडलं. तोवर १,०९८ सामने जिंकून झाले होते.

त्यांच्या जागी आल्या हॉली वॉरलिक. या कुणी परक्या नव्हत्या. पॅटबाईंच्याच संघात खेळलेल्या आणि पुढे २७ वर्षं त्यांच्या मदतनीस राहिलेल्या. पहिल्याच हंगामात त्यांनी आपल्या विभागाचं विजेतेपद मिळवलं. पुढच्या तीन वर्षांत दोनदा, आणि त्या पहिल्या वर्षी एकदा, संघ देशातल्या शेवटच्या आठांत गेला. दुसऱ्या कुठल्या विद्यापीठात यावर पेढे वाटले असते. नॉक्सव्हिलमध्ये लोक म्हणाले, शेवटच्या चारांत कुठे गेलात?

नंतर घसरण सुरू झाली. पत्रकार दर आठवड्याला देशातल्या पहिल्या २५ संघांची यादी काढतात. त्या यादीत टेनेसी सलग ५६५ आठवडे होती. फेब्रुवारी २०१६ मध्ये नाव गळलं. त्याच जूनमध्ये पॅटबाई गेल्या. राष्ट्रीय स्पर्धेत घरच्या मैदानावर हा संघ कधीच हरला नव्हता, तो २०१८ साली हरला. इकडे खुर्च्याही रिकाम्या होत होत्या. पॅटबाईंच्या शेवटच्या हंगामात सामन्यामागे सरासरी १४ हजारांच्या आसपास येणारी माणसं दहा हजारांच्या खाली आली. मार्च २०१९ मध्ये हॉलीबाईंना पदावरून दूर केलं.

मग दोष हॉलीबाईंचा का? संघ हरत होता तेव्हा त्यांची जबाबदारी होतीच, ती कुणी नाकारत नाही. पण त्याच वर्षांत आणखी काय काय घडलं, तेही बघायला हवं. टेनेसी विद्यापीठात मुलींच्या खेळांचा विभाग पहिल्यापासून वेगळा होता. त्याचा कारभार वेगळा, त्याची प्रमुख बाई वेगळी. २०१२ मध्ये, पॅटबाई ज्या वर्षी बाजूला झाल्या त्याच वर्षी, तो मुलांच्या विभागात मिळवून टाकला. दोन वर्षांनी ठरलं, की बास्केटबॉल सोडून मुलींच्या बाकी सगळ्या संघांचं ‘लेडी व्हॉल्स’ हे जुनं नाव काढायचं. जुने प्रेक्षक आणि माजी खेळाडू चिडले. विरोध इतका झाला, की २०१७ साली नाव परत द्यावं लागलं. बाई गेली, तिच्यामागे तिची चौकटही हलवली, आणि हिशोब मात्र नव्या बाईकडे मागितला.

शिवाय १९८७ साली मुलींवर पैसा आणि लक्ष घालणारी विद्यापीठं थोडी होती. पुढे अनेक झाली. चांगल्या मुली सगळीकडे विभागल्या गेल्या. सामने टीव्हीवर घरबसल्या दिसू लागले.

मुलींच्या खेळाची आवडच आटली असं म्हणावं, तर तसंही नाही. साउथ कॅरोलायना राज्यात डॉन स्टेली नावाच्या प्रशिक्षक २००८ साली आल्या. या डॉनबाई १९९१ च्या अंतिम सामन्यात पॅटबाईंच्या संघाकडून हरलेल्या खेळाडू. त्या आल्या तेव्हा तिथे खुर्च्या बहुतेक रिकाम्या असायच्या. त्यांनी प्रेक्षकांना घरच्यासारखं धरलं, एकेक माणूस जोडला. २०१४-१५ मध्ये देशातली सगळ्यात मोठी गर्दी त्यांच्याकडे होती, आणि पहिलं राष्ट्रीय विजेतेपद आलं त्यानंतर, २०१७ साली. हा क्रम लक्षात ठेवा. २०२४ साली त्यांनी तिसरं विजेतेपद मिळवलं, तो अंतिम सामना टीव्हीवर मुलांच्या अंतिम सामन्यापेक्षा जास्त लोकांनी पाहिला.

टेनेसीनं हॉलीबाईंनंतर केली हार्पर यांना आणलं. याही पॅटबाईंच्याच खेळाडू, तीन विजेतेपदांच्या वेळी संघात होत्या. पाच हंगामांनंतर त्याही गेल्या. २०२४ मध्ये आलेल्या किम कॉल्डवेल या पॅटबाईंच्या हाताखाली कधीही न खेळलेल्या पहिल्या वारसदार.

मैत्रिणींनो, आपल्या गटातही असंच होतं. अध्यक्ष ताई बदलतात आणि पुढच्या बैठकीला चौघीजणी कमी येतात. आपण पटकन म्हणतो, “आधीच्या ताईंची सर नाही.” असं म्हणण्याआधी एवढं बघू या, की आधीच्या ताई घरोघर जाऊन बोलवायच्या, ते काम आता कुणाकडे आहे? त्यांना बँकेत आणि पंचायतीत जो आधार होता, तो नव्या ताईंना आपण दिला का? त्या ताईंनाही पहिल्या वर्षी चुका करायला सवड होती, हे आपल्याला आठवतं का? पॅटबाईंना पहिलं विजेतेपद मिळायला १३ वर्षं लागली होती. त्यांच्या वारसदार बाईंना एकूण मिळाली सात.

तुमची बैठक या महिन्यात असेलच. नव्या ताईंच्या शेजारी बसा. आणि जी मैत्रीण यायची थांबली आहे, तिच्या घरी एकदा जाऊन या.